चालून दाखवण्याचं कलम

आनंदीला जाऊन सात महिने झाले, तरी भाऊराव तिचाच चष्मा वापरत होते. दोघांचा नंबर जवळपास सारखा होता. स्वतःचा चष्मा ते तिच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर विसरले आणि नवा करायचं नंतर मनातच आलं नाही. आज खासदारांच्या कार्यालयात बसून तोच जांभळ्या काड्यांचा चष्मा लावून ते विधेयकाचा पक्का मसुदा वाचत होते. शेजारी यशोधरा बसली होती. ती वकील होती आणि शाळेत आनंदीच्या हाताखाली शिकलेली. समोर मुकुल होता, खासदारांचा स्वीय सहायक. तो सारखा घड्याळाकडे बघत होता, कारण खासदार संध्याकाळच्या विमानाने दिल्लीला निघणार होते आणि मसुदा त्यांच्या बॅगेत जायचा होता.

विधेयक माणसांना मारणाऱ्या भूसुरुंगांवर बंदी घालणारं होतं. जगातल्या दीडशेहून जास्त देशांनी तसा करार केलेला आहे. सुरुंग बनवायचे नाहीत, साठवायचे नाहीत, पेरायचे नाहीत आणि पेरलेले असतील तर काढायचे. भारताने त्यावर सही केलेली नाही. आनंदी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची. सही नाही तर कायदा कसा होणार, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, आपल्या घरात नियम करायला गल्लीची परवानगी लागते का? निवृत्त झाल्यावर तिने करार मागवून घेतला, दोन वर्षं शब्दकोश घेऊन वाचला आणि परीक्षेच्या उरलेल्या पुरवण्यांवर, समास सोडून, विधेयक लिहून काढलं. चौदा कलमं झाली. भाऊराव लष्करात सॅपर होते, म्हणजे सुरुंग पेरणाऱ्या आणि काढणाऱ्या पलटणीत. सुरुंगांची माहिती ते सांगत गेले, ती लिहीत गेली. मग चार वर्षं दोघांनी खासदारांच्या दारी खेपा घातल्या. या खासदारांनी विधेयक स्वतःच्या नावाने मांडायचं कबूल केलं तेव्हा आनंदी दवाखान्यात होती. तिने ऐकलं, मान हलवली आणि घरी दही लावलंय का ते विचारलं.

खासदारांची एकच अट होती. विधेयकासोबत एखाद्या माजी सैनिकाचं पत्र हवं, म्हणजे त्यांना कुणी फौजेच्या विरोधातला म्हणणार नाही. पत्र टाईप होऊन टेबलावर पडलं होतं. मी हा मसुदा वाचला आहे आणि मला तो पूर्ण मान्य आहे, एवढंच त्यात होतं. खाली भाऊरावांचं नाव, हुद्दा आणि सहीची रिकामी जागा.

भाऊरावांनी शेवटचं पान उलटलं, पुन्हा पहिल्यापासून कलमांवर बोट ठेवत गेले आणि चष्मा काढला.

"तेरा आहेत," ते म्हणाले.

यशोधरेने खाली बघितलं. मुकुलने समजावून सांगितलं की जुनं नववं कलम काढून टाकलंय. त्या कलमात आनंदीने लिहिलं होतं की सुरुंग काढून जमीन मोकळी झाली असा दाखला जो अधिकारी देईल, त्याने आधी स्वतः त्या जमिनीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवावं. मुकुलच्या मते हे दिल्लीत चालणार नव्हतं. असं कुठल्या कायद्यात असतं का? मंत्रालयवाले हसतील. सक्षम अधिकाऱ्याचा दाखला पुरेसा आहे आणि तो आठव्या कलमात आहेच.

"काकाजी, तसंही माहौल ठीक नाहीये," तो म्हणाला. "युरोपातले काही देश करारातून बाहेर निघून राहिलेत. अशात आपलं बिल टेबलवर आलं तरी बहोत आहे."

"ते निघाले तर बरंच झालं. आपल्यासाठी जागा झाली."

मुकुल हसला. भाऊराव हसले नाहीत.

यशोधरा हळू आवाजात बोलली. पक्का मसुदा करताना तिनेच ते कलम काढलं होतं. मसुद्यात ते एकटंच वेगळं वाटत होतं आणि त्याचं कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं. बाईंना विचारलं होतं, तर त्या म्हणाल्या होत्या की ते तुझ्या काकांचं आहे, त्यांनी सांगितलं तर सांगतील. तिला वाटलं, काकांना समजेल.

भाऊरावांनी मसुदा टेबलावर ठेवला. त्या कलमामागची गोष्ट त्यांनी तेवीस वर्षांत एका आनंदीला सांगितली होती, तीही एकदाच. तिने ती कुणाला सांगितली नाही. नुसता नियम लिहिला आणि कारण नवऱ्यासाठी राखून ठेवलं. आता तीही नव्हती. आपण बोललो नाही तर हे कलम विनाकारण लिहिलेलं ठरणार आणि असंच निघून जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

मग त्यांनी सांगितलं. सरहद्दीवर फौजा समोरासमोर उभ्या होत्या तेव्हा त्यांच्या तुकडीने राजस्थानात शेतांमधून सुरुंग पेरले. तणाव निवळल्यावर तेच काढायला त्यांनाच पाठवलं. पेरताना प्रत्येक सुरुंगाची नोंद होते, काढताना तेवढेच हातात यावे लागतात. एका बाजरीच्या शेतात चारशे बारा पेरले होते, चारशे अकरा निघाले. वाळू सरकते, पाणी वाहतं, एखादी शेळी पाय देऊन मोकळी होते. साहेब म्हणाले की उडाला असेल, शेत मोकळं लिही आणि सही कर. साहेब वाईट नव्हते. वरून रोज फोन येत होते आणि शेताचा मालक रोज बांधावर येऊन बसत होता. दोन वर्षं त्याने पेरणी केली नव्हती.

"मी म्हणालो, सही करतो साहेब. पण आधी तुम्ही आणि मी या शेतातून चालू. पहले आप, या पहले मैं, कुणीही."

मुकुलने घड्याळावरची नजर काढून त्यांच्याकडे बघितलं.

"मग?" यशोधरेने विचारलं.

साहेबांनी एकदा शेताकडे बघितलं, एकदा बांधावरच्या मालकाकडे. मग म्हणाले, शोधा. चार दिवस तुकडी पोटावर पडून सळईने वाळू टोचत राहिली. पाचव्या दिवशी सुरुंग सापडला. पावसाच्या पाण्याने तो बांधापर्यंत वाहत आला होता आणि तो मालक रोज येऊन बसायचा तिथून दोन हातांवर होता. काढून झाल्यावर साहेब स्वतः पुढे चालले, मागे भाऊराव, त्यांच्या मागे मालक. साहेबांच्या बुटांचे ठसे बघून मालक त्यांच्यावरच पाय ठेवत चालला होता.

"पहिलं पाऊल कुणाचं तरी पडतंच," भाऊराव म्हणाले. "कायद्यात लिहिलं नाही, तर ते शेतकऱ्याचं पडतं."

मुकुलने पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. तो आता नरमाईने बोलत होता, पण बोलत तेच होता. किस्सा दमदार आहे, भाषणात टाकता येईल. कलम मात्र नाही. सरजींनी साफ सांगितलंय. त्याने पेनाचं टोपण काढून पेन पत्रावर ठेवलं.

"एका कलमासाठी पूरा बिल अडवणार का, काकाजी? आंटीजींची एवढी मेहनत आहे यात."

भाऊरावांनी पेन उचललं, टोपण लावलं आणि परत दिलं.

"अडवत नाही. मोजतोय. चौदा लावली होती, तेरा हातात आली. एक कमी असताना मी सही करत नाही. तेव्हा साहेबांसमोर केली नाही, आता तुमच्यासमोर करू?"

मुकुलचा चेहरा उतरला. मग बिलच जाणार नाही, तो म्हणाला. पुढच्या अधिवेशनापर्यंत कोण कुठे असेल ते सांगता येत नाही. भाऊरावांनाही ते ठाऊक होतं. ते अडुसष्ट वर्षांचे होते आणि चार वर्षांच्या खेपांनी हा एक खासदार मिळाला होता. क्षणभर त्यांना वाटलं, आनंदी असती तर तिने घेतलं असतं का तेरावर भागवून? वर्गात एका मार्काने नापास झालेल्या पोराला ती पास करायची. पण उत्तर न लिहिणाऱ्याला तिने एक मार्कही कधी दिला नव्हता.

ते उठले. तेवढ्यात यशोधरेने मसुदा आपल्याकडे ओढला. नववं पान उघडून, काढून टाकलेलं कलम ती समासात उभ्या ओळीत लिहू लागली. जागा पुरेना, तशी अक्षरं बारीक होत गेली. लिहून झाल्यावर तिने खाली स्वतःची सही केली आणि पान मुकुलपुढे धरलं.

"मसुदा मी केलाय, तर माझा मसुदा असा आहे," ती म्हणाली. "सरजींना हाच द्या. नको असेल तर परत द्या."

मुकुलने पान वाचलं. फोन उचलला, नंबर लावला, मग न बोलताच खाली ठेवला. नाही होणार, मैडम, एवढंच म्हणाला. मसुदा मात्र त्याने नीट जुळवून, कडा सारख्या करून परत दिला आणि दारापर्यंत सोडायला आला.

बाहेर ऊन उतरलं होतं. यशोधरा गाडी काढताना रडवेली झाली होती. भाऊरावांनी तिला विचारलं, लोकसभेत खासदार किती? पाचशे त्रेचाळीस, ती म्हणाली.

"त्यातला एक गेला. अजून पुष्कळ आहेत. चल."

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ, म्हणजे जुन्या राजघराण्याच्या समाध्यांजवळ, झेरॉक्सचं एक दुकान आहे. दुकानदाराने कागद चाळले आणि तो नवव्या पानावर अडला. समासात हाताने लिहिलंय, बारीक आहे, फिकं येईल, म्हणाला. फिरसे टाईप करून आणा ना, बाबूजी.

भाऊरावांनी आनंदीचा चष्मा लावला आणि ते पान पुन्हा एकदा वाचलं. अक्षर यशोधरेचं होतं, पण शाळेत ते वळवलेलं कुणी होतं ते ओळखू येत होतं.

"टाईप नको," ते म्हणाले. "असंच राहू दे. आधी पन्नास काढ. आणि मशीन जरा काळं कर. वाचता आलं पाहिजे."