येतानाचा भोंगा

तुम्ही मेलेल्या माणसाची ड्यूटी पाहता, साहेब. जिता होता तेव्हा त्याची सुटी कधी पाहिली होती का? जिनिंगमधल्या कापसाच्या गंजीनं पेट घेतला तेव्हा तो सुटीवर होता. तुम्हीच फोन लावला होता. तेव्हा म्हणालात का, राहू दे देवानंद, आज तुझी सुटी आहे? माणसाची सुटी चोरून खायची आणि तो मेला की तीच सुटी त्याच्या तिरडीवर फेकायची. चोर आहात तुम्ही, साहेब.

हे सगळं गोकुळच्या तोंडाशी आलं होतं. पण तो नगरपरिषदेच्या बंबाचा ड्रायव्हर, आणि तोही ठेक्यावरचा. ठेक्यावरच्या माणसाचं तोंड उघडायच्या आधी पोटाला विचारतं. म्हणून तो एवढंच म्हणाला, "साहेब, देवानंदच्या मातीले उंद्रीपर्यंतच तं न्यायचा हाय बंब. दिवस बुडायच्या आत वापस आणतो."

साहेबांनी पंख्याकडं पाहिलं, मग गोकुळकडं. "हे बघ, तो आग विझवताना गेला असता तर मी स्वतः हार घेऊन आलो असतो. पण तो गेला कसा? शेळ्यांना पाला तोडताना लिंबाच्या झाडावरून पडून. तेही सुटीच्या दिवशी. उद्या कोणी लग्नात जेवताना मेला, तरी तुम्ही बंब मागाल." आणि त्यांनी हात पुढं केला. "किल्ली."

"साहेब, आग लागली तं?"

"तर मला फोन करायचा. मी इथंच आहे."

किल्ली टेबलाच्या खणात गेली, खणाला कुलूप लागलं. "आणि बंब हलला, तर तुझी नोकरीही हलली असं समज."

साहेबांच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. जिनिंगच्या तापलेल्या पत्र्यावर उभं राहून पाण्याचा मारा करणारा देवानंद खरंच स्वतःच्या आवारातल्या लिंबावरून पडला होता. मरण काही माणसाला शोभेल असं पाहून येत नाही. पण त्यानं बाकीचं आयुष्य पुसलं जातं का?

गोकुळला साहेबांची भीती नव्हती एवढी सिंधूवैनीची होती. त्याचीही आज सुटीच होती; सकाळी तो उंद्रीला जाऊन आला होता. देवानंदला ओसरीवर ठेवलं होतं. त्याच्या उशाशी बसलेली त्याची बायको रडत नव्हती. तिनं एकच विचारलं, "गोकुळभाऊ, यांचा बंब येईन ना?"

"येईन, वैनी."

"येतानी भोंगा वाजवसान ना?"

"हाव."

हा भोंगा काय ते सांगायला पाहिजे. बंब आगीवर जाताना बोंबलत जातो, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. येताना तो मुका येतो. या गावच्या फायरमन लोकांनी आपल्या माणसासाठी हे उलटं करून ठेवलं होतं. सोबती गेला की बंब मसणवटीत जाताना मुका जायचा आणि येताना भोंगा वाजवत यायचा. आमचा माणूस त्याच्या शेवटच्या कॉलवरून परत आला, एवढंच गावाला कळवायचं. मग फायर ठेसनात आल्यावर, बूट काढायच्या आधी, टाकी भरायची. कारण आगीवरून आलेला फायरमन रिकाम्या टाकीसमोर बूट काढत नाही. ही रीत कोणत्या सरकारी कागदात नव्हती. म्हणूनच ती आजवर कोणी मोडली नव्हती.

गोकुळ केबिनमधून निघाला तो थेट इंद्रभान काकांच्या वावरात गेला. इंद्रभान म्हणजे जुना फायरमन, सेवानिवृत्त. देवानंदला आणि गोकुळला पाईप धरायला त्यानंच शिकवलं होतं.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली. "साहेबानं किल्ली ठेवून घेतली?"

"हाव."

"आन तू तिथून रडत आला?"

"रडत नाई आलो, काका. पन वैनीले मी हाव म्हनून बसलो. आता कोन्या तोंडानं जाऊ?"

"बंब म्हंजे काय बे?"

"काय म्हंजे?"

"पानी, भोंगा आन मानसं. लाल रंग तं वरून फासला हाय." इंद्रभान उठला आणि मचाणाखालून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी ओढून काढलं. हातानं फिरवायचा लोखंडी भोंगा. बंबाला नवा विजेचा भोंगा बसला तेव्हा हा भंगारात निघाला होता. म्हाताऱ्यानं तो लिलावात घेतला आणि तेव्हापासून वावरातले रोही आणि रानडुकरं हाकलायला वापरत होता. "रोह्याले कळते याचा अर्थ. तुह्या साहेबाले कळत नसन तं त्याले रोह्यापेक्षा खाली बसव."

भोंगा झाला. आता पाणी. गोकुळनं मनकर्णाबाईला फोन लावला. दोन सालांआधी तिच्या कापून रचलेल्या सोयाबीनच्या सुडीला कोण्या मेल्यानं काडी लावली होती. तिच्याकडं टँकर होता, ट्रॅक्टरला जोडून ती लग्नाकार्याला पाणी पुरवायची.

"मनकर्णाबाई, टँकर पाह्यजे. देवानंद गेला. सुटीवर होता म्हनून साहेब बंब देत नाई."

बाई बोलली, "माह्या सुडीवर आलता तवा आंगात बनियन होतं त्याच्या आन पायात चप्पल. म्या म्हटलं, भाऊ, बूट कुठी हायेत? तं म्हने, मावशी, आज सुटी हाय, बूट ठेसनात हायेत. तसाच घुसला निखाऱ्यात." तिचा आवाज चढला. "आन आता त्याची सुटी काढून राह्यला तुहा साहेब? थांब तू. ट्रॅक्टर तं येईनच, मी बी येतो. आमी सगळे सुटीवरच हाओत."

बाईनं फोन ठेवला आणि दुसरा लावला. तिनं कोणाकोणाला लावले हे तिलाच ठाऊक. ज्याचा गोठा वाचला होता त्याला, ज्याची बैलजोडी धुरातून निघाली होती त्याला, विहिरीत पडलेली म्हैस ज्याच्या दावणीला परत आली होती त्याला. गोकुळ आणि इंद्रभान उंद्रीच्या फाट्यावर पोचले ते एका टँकरच्या आशेनं. फाट्यावर टँकरांची रांग उभी होती. निळे, हिरवे, गंजलेले, कोणावर मुलीचं नाव, कोणावर लिंबू-मिरची. धामणगाव बढ्याहून एक जण आला होता, पार मोताळा तालुक्यातून.

"काउन बे, एवढ्या लांबून?" इंद्रभाननं विचारलं.

"एवढ्या लांबून तोच आलता ना, काका. तवा कोनं इचारलं काउन म्हनून?"

ठेसनातले फायरमनही आले होते, खाकी घालून. पण सगळे नाही. ज्यांची पाळी होती ते दोघं ठेसनातच थांबले. ते येतो म्हणत होते, गोकुळनंच त्यांना दटावलं. "देवानंदसाठी ठेसन उघडं टाकलं तं तो तिरडीवरून उठून शिव्या देईन." जे आले ते सगळे सुटीवरचे होते.

पुढचा ट्रॅक्टर गोकुळनं घेतला. आपल्या भागात ट्रॅक्टर निघाला आणि त्यावर गाणं नाही, असं कोणी पाहिलंय का? त्या दिवशी साऱ्यांची टेपं बंद होती. कोणी हॉर्न दिला नाही. नुसती इंजिनांची घरघर. उंद्रीत शिरले तेव्हा लोक दारात येऊन गप उभे राहिले. सिंधूवैनी ओसरीवरून उठली. तिनं पहिला टँकर पाहिला, दुसरा पाहिला, मग रांगेचं टोक शोधत रस्त्यावर आली. टोक काही दिसेना.

गोकुळ खाली उतरला, मान खाली घालून म्हणाला, "वैनी, लाल बंब नाई भेटला."

ती अजून रांगेकडंच पाहत होती. "त्याले आगीवर लागत असे तं एकच बंब लागे, भाऊ. आन आज एवढे," ती म्हणाली, आणि तेव्हा तिला पहिल्यांदा रडू फुटलं. पण ते रडू मान ताठ ठेवून होतं.

देवानंदला मनकर्णाबाईच्या ट्रॅक्टरवर घेतलं. छातीवर त्याचं हेल्मेट ठेवलं. मसणवटीत त्रिशरण-पंचशील झालं, वंदना झाली. देवानंदच्या लेकीनं, समतानं, अग्नी दिला. खाकीतल्या माणसांनी सलामी दिली. एका पोराला वाटलं आता टँकरनं पाण्याची कमान करावी, त्यानं पाईप उचलला. मनकर्णाबाई खेकसली, "ठेव खाली! उन्हायाचे दिवस हायेत. त्यानं कधी पानी उगाच उडवलं?" आगी विझवत जन्म काढलेली माणसं त्या आगीपुढं हात बांधून उभी राहिली. तेवढी एकच आग त्यांनी कधी विझवायची नसते.

मग ट्रॅक्टर वळले. सिंधूवैनी आणि समता मनकर्णाबाईच्या ट्रॅक्टरवर बसल्या. इंद्रभान पहिल्या टँकरवर चढून बसला, भोंगा मांडीत धरला. गोकुळनं मागं पाहिलं. म्हातारा म्हणाला, "चाल बे. मानूस वापस आनून राह्यलो."

आणि त्यानं दांडा फिरवला. आधी भोंगा कण्हला, मग चढला, मग असा काही उठला की वावरातले बगळे एकदम आभाळात गेले. मागच्या ट्रॅक्टरांनी हॉर्न धरले ते सोडलेच नाहीत. रस्त्यावरच्या गावांतून माणसं धावत बाहेर आली. कुठं आग लागली? आग नाही, देवानंद आला! कोणी टोपी काढली, कोणी जयभीम घातला, कोणी नुसता हात वर केला. गोकुळच्या छातीत दुपारपासून बसलेला दगड त्या आवाजानं फुटून गेला. तो मोठ्यानं हसत होता आणि डोळे पुसत होता, आणि ट्रॅक्टर त्याला बंबासारखाच हलका वाटत होता.

तालुक्याच्या गावात रांग शिरली तेव्हा बाजार थांबला. ठेसनात पाळीवरचे दोघं भोंगा ऐकून फाटक उघडून ताठ उभे होते. त्यांच्यामागं बिनकिल्लीचा लाल बंब खुंटीला बांधलेल्या बैलासारखा उभा. आवारातला हौद उन्हाळ्यानं तळाला गेला होता. पहिल्या टँकरचा पाईप हौदात पडला. दुसरा. तिसरा. कोणी घाई केली नाही, कोणी मागं फिरलं नाही. हौद भरला, काठोकाठ आला, तरी मागचे नंबर लावून उभेच. मग त्यांनी आवारातल्या झाडांची आळी भरली, शेजारच्या शाळेची टाकी भरली. तेव्हा कुठं खाकीतल्या माणसांनी पायरीवर बसून बूट काढले.

ठेसन आणि कचेरीचं आवार एकच. साहेब व्हरांड्यात आले. एवढी माणसं पाहून क्षणभर थबकले, पण खुर्चीची सवय जुनी. "कोणाच्या परवानगीनं हे? गोकुळ, उद्या सकाळी मला लेखी खुलासा पाहिजे."

गोकुळ उठला. अनवाणीच पुढं गेला. पोटाला विचारायचं या वेळी तो विसरला.

"बंब हलला नाई, साहेब. तो पाहा, तुमी ठेवला तिथंच हाय. किल्ली तुमच्या खनात हाय. ट्रॅक्टर यांचे, पानी यांचं, भोंगा काकाचा. मानसं सगळी सुटीवरची. मी बी. मंग खुलासा मी कायचा देऊ?"

"आवाज खाली—"

"खुलासा तुमी द्या." आवाज खाली आला नाही. आवारातली सगळी माणसं उभी राहिली. सिंधूवैनी समताचा हात धरून पुढं आली. गोकुळ बोलतच राहिला. "जिनिंग पेटली तवा सुटीच्या दिवशी फोन कोनं केलता? दिवाळीच्या दिवशी त्याले जेवत्या ताटावरून कोनं उठवलं? तवा तुमाले तो फायरमन होता, आन लिंबावरून पडला तं फक्त शेळीवाला झाला. ही वैनी उभी हाय, ही त्याची लेक उभी हाय. उद्या सकाळी नाई, लेखी नाई. आत्ता, यांच्यापुढं, तोंडानं सांगा, साहेब: देवानंदले सुटी कधी होती?"