मागच्या सीटवरचा हात

“मॅडम, मशीन मिठी मारू शकतं का?”

हे विचारून दाखवलं तर माझी मैत्रीण प्रेरणा मला कचोरी खाऊ घालणार होती. वर्ग खिदळलाच. पण डिझाइन शिकवायला बाहेरून आलेल्या मंजुषा मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला पुढं बोलावलं. “आधी तू सांग, मिठी मारताना हात काय करतात? बोलू नको, करून दाखव.”

मागच्या वर्षीची मी लाजून मेले असते. यंदा मी चाळीस जणांसमोर हवेला मिठी मारली आणि कचोरी जिंकली.

मग मॅडमनी घरच्या कुणासाठी तरी वस्तू बनवायला सांगितली. मी पप्पांना निवडलं. कंपनीत अठरा वर्षं धडधडत्या प्रेस मशीनशेजारी काढून त्यांचे कान मंद झालेत, जवळचं बोलणं कळतं पण मागचा हॉर्न कळत नाही. दसऱ्याला फुलंब्रीच्या रस्त्यावर एक टेम्पो त्यांच्या स्कूटीचा आरसा उडवून गेला. तेव्हापासून मम्मीचा हुकूम आहे, मोनिका मागं असल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. म्हणून दर रविवारी मी त्यांच्याबरोबर शेतात जाते. मागून गाडी आली की खांदा दाबते, ते बाजूला होतात. “सोताच्या शेतात जायला पोरीची सुट्टी बघावी लागती,” असं ते एकदा गमतीत म्हणाले, पण हसले नाहीत.

पहिल्यांदा मी त्यांच्या खांद्यावर मोबाईलसारखी थरथरणारी छोटी मोटर बसवली आणि स्कूटीला मागची गाडी ओळखणारा सेन्सर. शाळेच्या मैदानावर प्रेरणा सायकल घेऊन मागून आली. मोटर थरथरली. पप्पांनी गाडी थांबवली, खिशातून मोबाईल काढला आणि हॅलो म्हणाले. प्रेरणा हसता हसता सायकलवरून पडली.

दुसऱ्यांदा मी बीपी मोजायच्या पट्ट्यातली रबरी पिशवी लावली. सायकल जवळ आली की पंप सुरू, पिशवी फुगून खांदा दाबणार. दाबला, आणि पप्पा असे दचकले की हँडलच वाकडं झालं.

“कुणी मागून धरल्यावाणी वाटतं,” ते म्हणाले. पट्टा काढून त्यांनी माझ्या हातात दिला. “राहू दे बेटा. तू बसतीस ना मागं, बास झालं.”

ते लई लागलं मला. कारण बास झालेलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मॅडमना सांगितलं तर त्यांनी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मागंपुढं मांडल्या. पुढं प्रेरणा पप्पा झाली, डब्याचं झाकण तिचं हँडल. मी मागं, डोळे मिटून. मॅडम म्हणाल्या, घरून निघ आणि रस्ता बघत जा. मी गारखेड्यातून निघाले, हर्सूल ओलांडलं, वारा लागायला लागला. वर्गातला देवेश घसा फाडून ट्रक झाला होता. मी प्रेरणाचा खांदा दाबला, ट्रक गेला, मी पकड सोडली.

“मोने,” प्रेरणा मागं न बघता म्हणाली, “तू सोडलं कुठं? तुझा हात सगळ्या रस्त्यानं माझ्या खांद्यावरच हाय. ट्रक नसतानाबी.”

मी डोळे उघडले. खरंच होता. इतके रविवार गेले आणि मला माहीतच नव्हतं. गाडी आली की तोच हात फक्त जड होतो. म्हणून पप्पा दचकत नाहीत. माझी पिशवी मात्र आधी कुठंच नसायची आणि एकदम येऊन धरायची.

तिसऱ्या पट्ट्यात मी थोडी हवा कायम ठेवली. गाडी लांब असतानाच तो हळूहळू भरायला लागतो, ती जाईल तसा सैल होतो. गुलमंडीतून बनियनचं मऊ कापड आणून वरून शिवलं. पप्पांनी मैदानाला वीस चकरा मारल्या. प्रेरणा आणि देवेश सायकली घेऊन कधीही मागून यायचे. वीसच्या वीस वेळा पप्पा मागं न बघता बाजूला झाले. शेवटच्या चकरांना तर ते शीळ घालत होते.

“तुझ्याच हातावाणी हाय,” उतरल्यावर ते म्हणाले. “फक्त चिमटे काढत नाय.”

संध्याकाळी जेवताना मम्मीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मैदानावर ट्रक नसतात. पप्पा भाकरी कुस्करत राहिले. मम्मीचं चूक नव्हतं. मी हात धुऊन दोघांच्या समोर येऊन बसले.

“माझं ठरलंय. पुढचे चार रविवार मी मागं बसणार, पण माझे हात माझ्या मांडीवर. खांदा पट्टाच दाबणार. एकदा जरी तो चुकला, तर मी परत पहिल्यापासून शिवायला बसणार. नाय चुकला, तर पाचव्या रविवारी पप्पा एकटे जाणार, आणि मम्मी, मी तुझ्यासोबत घरी थांबणार.”