लिफ्टमधला खरडलेला नंबर

आपल्याकडे चांगलं काम करायचं म्हटलं की आधी फोटो कोणाचे ते ठरतं, काम मागाहून. बेसा भागातल्या त्या सोसायटीतही तेच झालं. मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ या नंबरचा फ्लेक्स गेटवर चढला. त्यावर हात जोडलेले अध्यक्ष बाबनराव, बाजूला अख्खी समिती. आणि नंबर? तो पार तळाशी, मुंगीएवढा!

प्रचाराचं हे काम आणलं होतं दामिनीनं. ती बाबनरावांची सून, एका संस्थेच्या जाहिराती करायची. फ्लेक्स पाहून तिचं डोकंच सणकलं. तिनं मोठ्या आकड्यांचे स्टिकर छापून आणले आणि लिफ्टमध्ये, जिन्यात, पोरांच्या डोळ्यांसमोर येतील असे खाली चिकटवले.

सकाळी पाहते तर सगळे खरडलेले. तिनं पुन्हा लावले, पुन्हा खरडले गेले. हुकूम घरातूनच, सासऱ्यांकडून सुटला होता.

"काहून खरडता, बाबा?"

"लोक विचारून राहिले, इथं पोरायले मारतात काय म्हणून! सोसायटीची इज्जत जाते नं वं."

"अन् दुसऱ्या मजल्यावरची हिमानी रडते, तेव्हा नाही जात?"

आईबाप गेल्यापासून हिमानी काकाकडे राहायची. तिचं रडणं सगळ्यांना ऐकू यायचं, आणि सगळे टीव्हीचा आवाज वाढवायचे.

"तो त्यायच्या घरचा मामला हाय," बाबनराव म्हणाले.

"मंग मी लावतच राहीन. तुम्ही खरडा, मी लावते. पाहू कोण थकते!" दामिनीनं त्यांना सरळ लिफ्टमध्ये नेलं. "आता बसा खाली. लेकराएवढे व्हा, अन् पाहा जरा, त्यायले काय दिसते ते."

सुनेपुढे कोणाचं चाललंय? बाबनराव कुरकुरत उकिडवे बसले. तेवढ्यात लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली आणि हिमानी आत आली. वर्षभर त्यांनी वरून तिचा नुसता भांग पाहिला होता. आज तिचा दंड त्यांच्या डोळ्यांसमोर आला. बाहीखाली काळेनिळे वळ होते.

हिमानीनं भिंतीवरच्या अर्धवट स्टिकरवर बोट ठेवलं. तिथे फक्त '१०' उरलं होतं.

"आजोबा, पुढचे आकडे कोणी खरडले?"

बाबनराव शरमले.

"मीच, बेटा," ते म्हणाले. "नऊ अन् आठ होते." आणि तिथेच, खाली बसल्या बसल्या, त्यांनी फोन काढून तो नंबर लावला.

मदतीची माणसं येईपर्यंत हिमानी बाबनरावांच्या घरी, दामिनीच्या कुशीत होती. काका दार बडवत होता, "घरचा मामला हाय आमच्या! मधात पडू नका!"

"मीबी हेच म्हणत होतो गा!" बाबनराव दार उघडून आडवे उभे राहिले आणि गरजले. "आता नाही म्हणत. पोरगी बाहेर येणार नाही!"

मदतीची माणसं आली आणि हिमानीला काकाच्या तावडीतून सोडवून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरला. लिफ्टमधला नवा स्टिकर बाबनरावांनी स्वतः उकिडवं बसून लावला.

तेव्हा मंडळी, नंबर लावायचा तर ज्याला लागतो त्याच्या उंचीवर लावा. आणि शेजारचं पोर रडलं तर टीव्हीचा आवाज न वाढवता फोन उचला! इज्जत जाईल म्हणतील. जाऊ द्या! लेकराचं तोंड दाबून राखलेली इज्जत गेलेलीच बरी.