सवडीने आलात तरी चालेल

घरोघरी ऑक्सिजनची मशिनं पुरवणाऱ्या त्या कंपनीत पूर्वी तक्रारींचा एकच कायदा होता: जो जास्त आरडाओरडा करेल त्याचं काम आधी. त्यात कुणाचा मेहुणा, कुणाची मावशी मध्येच घुसायची ती वेगळीच. नव्या प्रमुखबाईंनी आल्या आल्या हा बाजार बंद केला. ग्राहकानेच फोनवर रंग सांगायचा: जिवावरचं असेल तर लाल, आजच्या आज हवं तर पिवळा, सवडीचं असेल तर हिरवा. आणि स्वतःच्या नातेवाइकाच्या तक्रारीला कुणी हात लावायचा नाही. सगळं सुरळीत चाललंय असं समजून बाईंनी स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

त्या दुपारी लाल रांग मारुतीच्या शेपटीसारखी वाढत होती. एकाचं मशीन गुरगुरत होतं, एकीला मशीनची चाकं पसंत नव्हती, आणि दोघंही लाल. तंत्रज्ञांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. बाईंनी सहज हिरवी रांग उघडली. तिथे सकाळपासून त्यांच्या वडिलांची तक्रार पडून होती. मशीन बंद, जोडीच्या सिलिंडरवर आहे, सवडीने आलात तरी चालेल.

सकाळी लावलेला तो सिलिंडर जेमतेम दुपारपर्यंत पुरतो, हे बाईंना पाठ होतं. त्यांनी लगेच फोन लावला.

"बाबा, लाल का नाही सांगितलंत?"

"तूच म्हणतेस ना... सगळे उगाच लाल सांगतात. म्हटलं आपण तरी... तुझ्या डोक्याला ताप नको."

"दम लागतोय?"

"छे छे. तू तुझं... काम कर."

समोर तंत्रज्ञांना कामं वाटून देणारे, ऑफिसात सगळे ज्यांना भाऊ म्हणत ते बसले होते. स्वतःच्या सासूबाईंची तक्रार पुढे सरकवली म्हणून गेल्याच आठवड्यात बाईंनी त्यांना सर्वांदेखत फैलावर घेतलं होतं. आता कोणत्या तोंडाने सांगायचं? वडिलांचा जीव टांगणीला, आणि आपण चारचौघांत नाक कापलं जाईल याचा विचार करतोय, म्हणून बाईंना स्वतःचीच किळस आली.

"भाऊ, माझे वडील आहेत," त्या कशाबशा म्हणाल्या.

भाऊंनी पडद्यावर नजर टाकली. "मग नियमाने तुम्ही हात लावायचा नाही. मी लावतो." चाकांच्या तक्रारीवर गेलेल्या तंत्रज्ञाला त्यांनी अर्ध्या वाटेतून वळवलं.

तो पोचेपर्यंत बाई फोन कानाला लावून बसल्या. बाबा 'छे' अगदी झोकात म्हणत होते, पण लांब वाक्य त्यांना एका दमात जमत नव्हतं. तंत्रज्ञ पोचला तेव्हा सिलिंडरचा काटा तळाला टेकला होता. त्याने मशीन बदललं आणि बाईंच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी बाईंनी रंगच काढून टाकले. आता कसं वाटतंय हे विचारायचंच नाही. फोन आला की पूर्ण पत्ता सांगायला लावायचा, आणि माणूस दम घ्यायला कुठे कुठे थांबतो ते कान देऊन ऐकायचं. पहिला फोन त्यांनी घरीच लावला.

"बाबा, पत्ता सांगा."

"वेडी की काय? इथेच... वाढलीस ना?"

"सांगा तरी."

घराच्या नंबरापासून चौकापर्यंत बाबा तीनदा थांबले. नवं मशीन तर दुपारपासून ठणठणीत चालू होतं, तरीही दम पुरत नव्हता.

बाईंनी फोन ठेवून लगेच डॉक्टरांचा नंबर फिरवला. तो लागेपर्यंत त्यांचे डोळे भरून आले.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "रोज विचारते हो मी. रोज मजेत आहे म्हणतात."