कुमुदिनीची चौकशी

भानुमतीनं माझ्या पापडांवर गच्ची झाडली, त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. आठ महिने! मध्ये एक भिंत, पण तिच्या दारावरून जाताना मी मान फिरवून जायची. चूक तिचीच होती, आजही सांगते.

तर एका सकाळी काळी टोपी घातलेले एक गृहस्थ आमच्या ओट्यावर आले. म्हणाले, "देवासहून आलो. खजरान्याच्या गणपतीचं दर्शन घेतलं, म्हटलं वाटेत जरा टेकू." खजराना कुठं, आमची गल्ली कुठं! मी लगेच ओळखलं. चौकशी! भानुमतीच्या लेकीला, कुमुदिनीला स्थळ आलं होतं; घर देवासचं, मुलगा भोपाळला. मध्य प्रदेश झाला, राजधानी तिकडे गेली, तेव्हापासून नोकरीवाले मुलगे सगळे भोपाळलाच. मुलगी बघून झाली होती, होकार तेवढा अडला होता. आमच्याकडे पत्रिका गुरुजी बघतात, पण मुलगी पास होते ती शेजारणीच्या तोंडून.

"बाईजी, हे बाजूवाले लोक कसे आहेत हो?"

खोटं कशाला बोलू, जीभ नुसती शिवशिवली. पण मला टायफॉइड झाला तेव्हा हीच कुमुद एकवीस दिवस पेज घेऊन यायची. आईचा राग पोरीवर काढू? छे! मी पोह्यांवर शेव भुरभुरली, बशी पुढे केली आणि सुरू झाले. मुलगी गुणाची, आई गंगेसारखी, वडील शंकरराव देवमाणूस, घरात कधी चढा आवाज म्हणून नाही.

गृहस्थांचा घास तिथंच थांबला. बशी खाली ठेवली.

"बाईजी, साठी उलटली माझी. भिंतीला भिंत लावून राहणारी बाई इतकं गोड बोलत नसते. काय दडवताय? मुलीला काही आजार वगैरे? जाऊ दे, आम्ही दुसरी मुलगी बघतो." आणि टोपी सारखी करून उठलेच की!

भलं करायला गेले आणि पोरीचं लग्न मोडायला निघाले!

"बसा खाली!" मी ओरडलेच. "खरं ऐकायचंय ना? मग ऐका! ती भानुमती एक नंबरची भांडकुदळ. माझे दोनशे पापड मातीत घातले, वर मलाच विचारते, गच्ची तुमच्या बापाची आहे का? नळाला पाणी आलं की हिच्या बादल्या पुढे. वाटीभर साखर नेते, परत आणते अर्धी वाटी. शंकरराव पहाटे असे खाकरतात की सगळी गल्ली उठून बसते. त्या घरात धड अशी एकच, ती पोर. सोनं आहे, सोनं!"

गृहस्थ हळूहळू बसले. पोहे संपवले, आणखी मागून घेतले.

"आता कसं बोललात! विहीण भांडकुदळ, चालेल. पोरीत खोट नाही ना, बस!" सुपारी तोंडात टाकून ते थेट बाजूच्या घरी गेले आणि होकार देऊन आले.

पाच मिनिटांत भानुमती माझ्या दारात. आठ महिन्यांनी! हातात पेढे, डोळ्यांत पाणी आणि तोंडाचा पट्टा सुरू.

"भिंतीआडून सगळं ऐकलं हो मी! मी भांडकुदळ? अर्धी वाटी साखर?"

"अर्धीच!"

"थांबा, तुमचा शाम आहे ना लग्नाचा? येऊ दे कुणाला चौकशीला. तुमचं एकूण एक खरं सांगते की नाही बघा!"

मी पेढा तोंडात टाकला. माझा जीव भांड्यात पडला. शामच्या लग्नाची काळजी मिटली.