पाचशे केंद्रांचा आकडा

आमच्या ताईला सगळे हट्टी म्हणतात. मी तिची सख्खी धाकटी बहीण, मी तर जरा जास्तच म्हणते. पण त्या आठवड्यात तिने जे केलं, ते माझ्याच्याने सात जन्मांत झालं नसतं.

पाच वर्षांत देशातल्या प्रत्येक गावात संगणक केंद्र, दाखले आणि अर्ज सगळं गावातच, असं सरकारने ठरवलं होतं. आमच्या विभागाच्या वाट्याला पाचशे गावं आली. ताई तिथे उपप्रमुख आणि मी तिच्याच हाताखाली टायपिस्ट. तीन वर्षं दर महिन्याला प्रत्येक केंद्राला फोन लावून मी छापील कागदावरचा एकच प्रश्न विचारायचे, "यंत्रावरचा दिवा हिरवा आहे का?" समोरून "आहे" आलं, की लिहायचं, केंद्र सुरू.

मुदत संपायला पंधरा दिवस होते आणि चारशे अठ्ठ्याण्णव केंद्रं सुरू होती. हा अहवाल गेला की प्रमुखाची खुर्ची ताईची, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. मी तर मनातल्या मनात त्या खुर्चीवरचा टॉवेलही बदलून टाकला होता.

आणि नेमकी तेव्हाच आमच्या ताईसाहेबांना केंद्रं डोळ्यांनी बघायची हुक्की आली. मलाही बरोबर ओढलं.

पहिल्याच केंद्रात टेबल लख्ख पुसलेलं होतं. यंत्रावर भरतकाम केलेलं झाकण होतं आणि झाकणाला काजासारखं शिवून घेतलेलं एक गोल भोक. त्यातून हिरवा दिवा दिसत होता.

"हे भोक कशाला?" ताईने विचारलं.

"या मॅडमचा फोन येतो ना," केंद्रचालक माझ्याकडे बघून म्हणाले. "दर वेळी झाकण कोण काढणार? बायकोने शिवून दिलं."

मला हसू आवरेना. ताई हसली नाही.

"आणि लोकांची कामं?"

"ती कशी करायची ते कुणी शिवलंच नाही बघा... म्हणजे शिकवलंच नाही. पण दिवा एकदाही विझू दिला नाही!" बिचारे अगदी अभिमानाने सांगत होते.

परतल्यावर ताईने प्रश्न बदलला: गेल्या आठवड्यात गावातल्या किती जणांचं काम झालं? मी पुन्हा पाचशे फोन केले, घसा बसला. एकाचं तरी काम झालेली केंद्रं निघाली एकशे त्र्याऐंशी.

प्रमुखांनी कपाळाला हात लावला. "अहो, वरच्यांना जुनाच आकडा हवाय. सही करा, नाहीतर खुर्ची विसरा."

"साहेब, नुसते दिवेच मोजायचे होते, तर संगणक कशाला दिले?"

बाहेर आल्यावर मी तिच्यावर उखडलेच. "डोकं फिरलंय का तुझं? खुर्ची तर जाईलच. शिवाय ते फोन मी केलेत, चौकशी लागली तर पहिली मी अडकेन!"

"टाईप कर," ती म्हणाली, आणि सांगू लागली. "सुरू केंद्रं एकशे त्र्याऐंशी. आधीचे आकडे चुकले, कारण विचारलेला प्रश्न चुकीचा होता. तो प्रश्न मी तयार केला होता."

माझी बोटं थांबली. तिने मान हलवून पुढे लिहायला लावलं आणि खाली सही ठोकली.

खुर्ची दुसऱ्याला मिळाली. ताई आता गावोगाव फिरून केंद्रचालकांना काम शिकवते. परवा सुरू केंद्रांचा आकडा तीनशेच्या वर गेला, तेव्हा मी तो जुना अहवाल काढून पुन्हा वाचला. तीन वर्षं फोन मी केले होते, पण चुकीपुढे नाव तिचं एकटीचं आहे.