न दिलेले पाणी

मित्रांनो, शाळेच्या काचेच्या कपाटात डावीकडे जी पोचे पडलेली बाटली दिसते, ती मी. एका सैनिकाची पाण्याची जुनी बाटली. शेजारी भोक पडलेली आहे ती त्याच्या मित्राची. लोक आधी तिच्याकडे बघतात, आणि तेच योग्य आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमचे दोन पत्रे साच्यात दाबून खोलगट केले, त्यांच्या कडा वितळवून जोडल्या आणि वरून जाड लोकरी कापडाचा अंगरखा चढवला. फक्त गळा तेवढा उघडा ठेवला. माझ्यात पाऊण लिटर पाणी मावते.

माझा सैनिक तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. फार कमी बोलायचा, म्हणून त्याला सगळे मुक्या म्हणत. त्याच्या शेजारच्या खाटेवर गप्प्या झोपायचा. त्याचे तोंड झोपेतही चालू असायचे. हवालदार म्हणायचे, "या दोघांची सरासरी काढली की दोन नीट माणसं निघतील."

"माझे शब्द देतो की मी याला," गप्प्या म्हणायचा, "पण हा घेतो आणि ठेवून देतो. परत म्हणून करत नाही!"

हवालदारांनी पहिल्याच दिवशी शिकवले होते, "बाटली एकतर गळ्यापर्यंत भरा, नाहीतर पार ओता. अर्धवट भरलीत तर चालताना वाजेल, आणि शत्रूला तुमचा पत्ता मिळेल." कारण साधे आहे. काठोकाठ भरलेल्या बाटलीत हवा उरत नाही, म्हणून पाण्याला हलायला जागा नसते. मुक्या मला नेहमी काठोकाठ भरायचा. मी कधी वाजले नाही, आणि मला त्याचा अभिमान होता.

मग त्यांची तुकडी एका उघड्या टेकडीवर दोन दिवस अडकली. पाण्याचा सामाईक डबा दुसऱ्या दिवशी सकाळी संपला. मुक्या आणि गप्प्या एका खड्ड्यात होते, बाकीचे टेकडीच्या पलीकडच्या अंगाला. दुपारी एक गोळी गप्प्याच्या बाटलीतून आरपार जाऊन त्याच्या कमरेत शिरली. त्याचे सगळे पाणी मातीत गेले. मुक्याने पट्टी बांधली, पण रक्त थांबेना.

"मुक्या, पाणी आहे का रे?"

मी भरलेली होते. मुक्याने खालच्या वाटेकडे पाहिले. कोणी येत नव्हते. अजून किती दिवस येणार नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

"रिकामी आहे," तो म्हणाला.

गप्प्याने हात पुढे करून मला हलवले. उचलून पाहण्याइतके बळ त्याच्या हातात नव्हते. मी वाजले नाही. मित्रांनो, त्या क्षणी थोडी जरी रिती असते, तर मी बोलले असते. मी गप्प राहिले, आणि मुक्याचे खोटे खरे ठरले.

पण रिकामी बाटली उन्हात चटका बसेल इतकी तापते. भरलेलीला तापायला पुष्कळ वेळ लागतो. गप्प्याचा तळवा माझ्या उघड्या गळ्यावर जरा वेळ राहिला.

"असू दे रे," तो म्हणाला.

त्यानंतर तो बोलला नाही. ज्याला गप्प बसवताना हवालदारांचा घसा बसायचा, तो तासाभरात कायमचा गप्प झाला.

संध्याकाळी मदत पोहोचली. साहेबांनी मला हातात घेतले, माझे वजन पाहिले आणि सगळ्यांसमोर मला उंच धरले. "दोन दिवस, आणि थेंबालाही हात नाही! याला म्हणतात शिस्त." लोकांनी मुक्याची पाठ थोपटली. मला त्या क्षणी वितळून जावेसे वाटले. डॉक्टर म्हणाले, रक्त फार गेले होते, पाणी असते तरी तो वाचला नसता. मुक्याने ते ऐकले आणि मान खाली घातली. गप्प्याने जीव मागितला नव्हता, पाणी मागितले होते.

गप्प्याच्या घरी पत्र मुक्यानेच लिहिले. 'शेवटी त्याने पाणी मागितले. मी माझ्या बाटलीतले पाजले.'

फौज सुटल्यावर तो दारे-खिडक्या बनवू लागला. मी भिंतीवरच्या खिळ्याला लटकत असे. दर रविवारी तो मला पुसायचा. त्याची बायको पाहुण्यांना म्हणायची, "ही माझी सवत. आयुष्यात कधी माझे इतके लाड केले नाहीत!" पाहुणे हसायचे, मग शिस्तीची ती गोष्ट निघायची, आणि मुक्या काहीतरी काम काढून उठून जायचा. पुढे त्याने मला कपाटात, जुन्या कपड्यांच्या मागे ठेवले. तिथे मला बरे वाटले.

चाळीस वर्षांनी गप्प्याची धाकटी बहीण आली. ती याच शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची. पिशवीतून तिने भावाची बाटली काढली आणि एक चिठ्ठी.

"दादा, शाळेत काचेचं कपाट करतोय. तुमची बाटली द्या, दोघी शेजारी ठेवू. चिठ्ठी मी लिहूनच आणलीय." तिने वाचून दाखवली, "या बाटलीतलं शेवटचं पाणी मित्राने मित्राला पाजलं."

मुक्याने नुसते 'हो' म्हटले असते, तर मी आयुष्यभर मानाने मिरवले असते. तोही.

"ताई, मी पाजलं नाही."

"काय?"

"पाणी. बाटली भरलेली होती. मी रिकामी आहे म्हणालो."

त्याची बायको चहाचे कप घेऊन दारातच थांबली.

"पण पत्रात तर..."

"पत्र खोटं होतं."

"आई जाईपर्यंत ते पत्र वाचायची, दादा. घडीवर फाटलं तर मागून कागद चिकटवला होता."

मुक्याने मग त्या दुपारचे सगळे सांगितले. उन्हातला तळवा, आणि ते शेवटचे शब्दही.

"असू दे म्हणाला?" तिने भावाच्या बाटलीच्या भोकावर बोट ठेवले. "म्हणजे त्याला कळलं होतं."

"माहीत नाही, ताई."

"मला माहीत आहे. माझा भाऊ होता तो."

तिने चिठ्ठीचे चार तुकडे केले. चहा न घेताच उठली.

"बाटली आणा."

"आता कशाला?"

"न्यायला आलेय, तर नेणार. चिठ्ठी तुम्ही लिहा. तुमच्या अक्षरात."

कपाट उघडले त्या दिवशी तुम्हा मुलांसमोर त्याला उभे केले. टाळ्या वाजल्या. मग पुढच्या मुलांनी चिठ्ठी वाचली: 'मित्राने पाणी मागितले. ही बाटली भरलेली होती. मी रिकामी आहे असे सांगितले.' खाली त्याचे पूर्ण नाव आणि सैन्यातला क्रमांक. टाळ्या पुढून मागे विरत गेल्या. तो ताठ उभा होता.

एका मुलीने विचारलेच, "आजोबा, तुम्हाला लाज नाही वाटत?"

"वाटते ना, बाळ. म्हणून तर लिहायला चाळीस वर्षं लागली."

मित्रांनो, सैनिकाचा मान कशात असतो, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? त्या दिवशी साहेबांनी मला उंच धरले तेव्हा तो मान माझ्यापाशी नव्हता, एवढे नक्की. मला पुसले नाहीत तरी चालेल. पण दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट या चिठ्ठीवर येते, आणि उन्हाने शाई उडते. पहिली ओळ आताच फिकट झाली आहे. जाता जाता कोणीतरी तेवढा पडदा ओढून घ्या.